खांब न फोडता परीक्षा

माठ विकत घेताना तो बोटाने वाजवून पाहतात. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला. बद्द आला तर तडा गेलेला. काँक्रीटच्या खांबाची परीक्षाही ध्वनीने करता येते. आत पोकळी राहिलेला खांब बाहेरून धडधाकट दिसतो; पण त्याच्यावर इमारतीचा भार असतो. तो फोडून कसा पाहणार?

खांबाच्या एका बाजूस प्रेषक व समोर ग्राहक ग्रीस लावून टेकवतात, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. प्रेषकातून कानांना ऐकू न येणारे, श्राव्यातीत ध्वनिस्पंद निघतात. वाटेत पोकळी असेल तर त्यांना वळसा पडतो व वेळ जास्त लागतो.

समजा, खांब ३० सेंटिमीटर जाड आहे. एका जागी स्पंदाला ७५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) लागले. वेग = ०.३० ÷ ०.००००७५ = दर सेकंदास ४,००० मीटर. काँक्रीट चांगले! दुसऱ्या जागी १०० मायक्रोसेकंद लागले. तेथील वेग तुम्हीच काढा. तो ३,००० मीटर येईल. म्हणजे तेथे दोषाची शंका घ्यावी.

मात्र पोलादात ध्वनी काँक्रीटपेक्षा वेगाने जातो. स्पंदाच्या वाटेने सळई गेलेली असेल तर सदोष काँक्रीटही चांगले भासेल. म्हणून सळयांच्या जागा आधी शोधाव्या लागतात.