वजनाची मर्यादा आणि मोसमापूर्वीचे महिने

अमरावती, मृगारंभ

चिरंजीव बाळ,

तुझे पत्र पावले. कबड्डीची पहिली स्पर्धा दिवाळीनंतर आहे, तुझे वजन 89 किलो भरते, पुरुष गटाची मर्यादा 85 ची आहे, आणि वरचे चार किलो अखेरच्या आठवड्यात जेवण तोडून व घाम गाळून उतरवण्याचा तुझा मनोदय आहे. त्यास माझी संमती नाही.

काट्यावरचा आकडा म्हणजे ताळेबंदाची नुसती बेरीज. तीत चरबी किती, स्नायू किती आणि पाणी किती, हे कलमवार त्यावरून उमगत नाही. शरीरात साठलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. म्हणून चार दिवस भाकरी सोडणाऱ्याचे वजन झपाट्याने घटते आणि त्यास चरबी झडल्याचा भास होतो, वस्तुतः गेलेले असते ते चढाईचे इंधन. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेले की दम घटू लागतो. तुझ्या बाबतीत ही मर्यादा पावणेदोन किलोंच्या आसपास येते, आणि तू तर चार किलोंची गोष्ट करतोस! अमेरिकेत 1997 च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण याच खटाटोपात पाच आठवड्यांच्या आत प्राणास मुकले, तेव्हा कुठे तेथील नियम बदलले. कुस्तीपटू विनेश फोगट हिची 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील हकिगत तुला ठाऊकच आहे: रात्रभर झटूनही 100 ग्रॅम वजन वर राहिले आणि अंतिम कुस्ती हातची गेली.

आता हिशेब पाहा. किलोभर चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात. रोजच्या आहारात 400 उष्मांकांची तूट ठेवली तर चार किलोंस 77 दिवस लागतात, आणि शरीर असे कागदाबरहुकूम चालत नसल्यामुळे शंभर दिवस धरावेत. दिवाळीपर्यंत त्याहून अधिक मुदत तुझ्या हाती आहे. तूट काढायची ती तर्रीवरच्या तेलातून आणि रात्रीच्या सावजी रश्श्यातून. डाळ, दही, अंडी यांत मात्र कपात करायची नाही, कारण वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पोटात गेली आणि जोडीला बैठका व वजने चालू राहिली, तरच स्नायू शाबूत राहून चरबी तेवढी उतरते. तुझ्यासारख्या कोपऱ्यात उभे राहून घोटा धरणाऱ्यास मांडीचे बळ गमावणे परवडणारे नाही. सडपातळ दिसण्याचा हव्यास चढाईपटूंनाही फारसा मानवत नाही, मग तुझी काय कथा.

तू राहतोस त्या नागपूरच्या उन्हाविषयी मात्र कडक हुकूम देतो. मृग लागला तरी पहिला पाऊस पडेपर्यंत तिकडे पारा चाळिशीच्या वरच असतो. मानकापूरच्या मैदानावर दुपारी धावण्याचा पराक्रम करू नकोस. शरीरास उष्म्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर सकाळी सहाच्या आत अंबाझरीला धाव आणि परतल्यावर मीठ घातलेली आंबील घे. उन्हात घाम अधिक आला म्हणून चरबी अधिक जळाली, हा समज आपल्या आखाड्यांत फार जुना आहे आणि तितकाच निराधार आहे.

व्यायामाचे स्वरूप खेळावरून ठरवावे. चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची असते. परदेशी बर्फावरच्या हॉकीतला खेळाडूही साधारण पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने खेळून बाकावर परततो. पूर्वी ते खेळाडू मोसमापूर्वीच्या सप्टेंबरमधील शिबिरात येऊन अंग कमावू लागत. आता उन्हाळ्यात कमावलेले अंग घेऊनच शिबिरात हजर होतात. कबड्डी आणि ही हॉकी, दोन्ही खेळांत पुन्हा पुन्हा झडप घालावी लागते आणि मधल्या विश्रांतीत दम परतावा लागतो. तेव्हा पहिला दीड महिना संथ, लांब धाव. पुढे 20 ते 30 सेकंदांच्या भरधाव फेऱ्या, त्यांच्या मधली विश्रांती हळूहळू आखडती घेत. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आलेल्या आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावी राहत असल्यामुळे सल्ला देण्याचा मोह मला जरा अधिकच होतो, हे तू जाणतोसच.

वजन रोज करू नकोस. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर, अनशापोटी. चिमट्याने त्वचेखालची चरबी मोजणारा कुणी जाणकार मिळाल्यास दर महिन्यास एकाच माणसाकडून मोजून घे. हात बदलला की मोजमाप बदलते. गणेशोत्सवापर्यंतचे आकडे मला लिहून कळव, आणि तोवर मोदकांबाबत ताईशी वाद घालू नकोस. तिला माझा नमस्कार सांग.

कळावे,
तुझा मामा