आइसलँडचा घोडा

आइसलँड हे युरोपातले थंड बेट आहे. सुमारे 1100 वर्षांपूर्वी नॉर्वेकडचे लोक जहाजातून घोडे घेऊन तिथे राहायला गेले. आजचे घोडे त्यांचेच वंशज.

चालणे, दुडकी आणि चौखूर धावणे, या तीन चाली बहुतेक घोड्यांना येतात. या घोड्याची चौथी चाल ‘टोल्ट’. तिच्यात स्वाराला हिसके बसत नाहीत. काहींना पाचवीही येते. तिचे जनुक शिंगराला आई आणि बाप दोघांकडून मिळावे लागते. हे 2012 साली कळले.

बेटाबाहेर गेलेला घोडा पुन्हा आत घेत नाहीत. त्याने बाहेरचा रोग आणला तर सगळे घोडे आजारी पडतील. नियम बरोबर आहे, पण मला त्या घोड्याचे लई वाईट वाटते. त्याला घर आठवत असेल.