शिकार : काल आणि आज

शिकारीचा छंद फार जुना आहे. आपला मराठवाडा एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयाही आहे. राजाची ती करमणूक. फासेपारध्यांचे मात्र ते पोट होते.

हाक्याच्या शिकारीत हाकारे रान उठवीत आणि शिकारी नेमल्या जागी दबा धरीत. जागा सोडायची नाही, हाकाऱ्यांच्या दिशेने बंदूक रोखायची नाही आणि जनावर डोळ्यांनी ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे त्यातले शहाणपण. शेवटच्या नियमाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. शरयूकाठी घागर भरल्याचा आवाज ऐकून दशरथाने हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. नेम अचूक होता; पाहणे तेवढे राहिले होते.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. आज हौसेने सशाची पारध करणे हासुद्धा गुन्हा आहे.

आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. हा कायदा मी वडिलांना समजावून सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "कायदा खरा गं माय, पण डुकरानं वाचलाय का त्यो?" त्यांचेही खरे आहे. आमच्या तीर्थपुरीच्या भागात ऊस पुष्कळ, आणि उसात रानडुकरांना लपण आयते मिळते. एका रात्रीत मक्याचे वावर आडवे होते. म्हणून वडील जागलीला जातात. परंतु मला भीती डुकरांची नाही, तारेची वाटते.

काही लोक बांधाला उघडी तार ओढून तीत वीज सोडतात. अशा तारेने माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. दशरथाने निदान आवाज तरी ऐकला होता. तारेला ना कान, ना डोळे! रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी आणि डुक्कर तिला सारखेच. तार लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, तो वेगळाच.

मग करावे काय? नुकसान होताच वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे. उपद्रवी जनावर मारण्याचा निर्णय परवान्याखेरीज कोणी घेऊ नये. कुंपण हवेच असेल तर सौर कुंपण बसवावे. त्याचा झटका क्षणाचा असतो, तो जनावराला हुसकावतो, मारीत नाही. जागलीला दोघांनी जावे, बॅटरी न्यावी, दुसऱ्याच्या वावरात शिरताना हाळी द्यावी. कोणी तारेला चिकटलेच तर त्याला हात न लावता आधी वीज बंद करावी.

आपल्यापैकी बरेच जण शेतकऱ्यांची मुले आहोत. सुट्टीत गावी गेल्यावर घरी एवढेच विचारा, "आपल्या बांधाला तार आहे का?" असेल, तर ती त्याच दिवशी काढायला लावा.