झटका नको, ओढ हवी

अगं, थार घेतलीस आणि आता पावसात मावळातल्या कच्च्या वाटांवर जायचं म्हणतेस, मला फार बरं वाटलं. म्हणूनच एक गोष्ट नीट सांगते. गाडी कधीतरी रुतणारच. रुतली की चार माणसं जमतील. एकजण ‘ताई, रेस मारा’ म्हणेल, दुसरा साखळी घेऊन झटका द्यायला येईल. त्या घटकेला तुझ्याकडे तुझा स्वतःचा उपाय हवा. तो म्हणजे विंच, दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र. बंपरवरचा इलेक्ट्रिक विंच महाग आणि जड असतो, शिवाय तो बहुतेक वेळा पुढेच ओढतो. चाकावर बसवायचा विंच मात्र डिकीत मावतो, आणि आलीस त्याच वाटेने गाडी मागे काढतो.

त्याची रचना साधी आहे. चाकाच्या नटांच्या जागी एक ड्रम घट्ट बसवायचा, दोराचं एक टोक त्याला आणि दुसरं झाडाला. इंजिनाने चाक फिरवलं की विहिरीच्या रहाटासारखा दोर ड्रमवर गुंडाळला जातो आणि गाडी झाडाकडे सरकते. तुझ्या 18 इंची चाकाचा टायर बाहेरून सुमारे 79 सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात तो जवळजवळ अडीच मीटर जातो. ड्रम 20 सेंटिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात दोर जेमतेम 63 सेंटिमीटर गुंडाळला जाईल. वेग चौथाईवर आला, तेवढी ओढ चौपट झाली. दोराचे थर एकावर एक चढले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते, म्हणून उगाच लांबलचक दोर गुंडाळत बसू नकोस.

आता खरी गोम ऐक. ड्रम एकाच चाकावर लावलास तर पलीकडचं चाक चिखलात भिरभिरत राहील आणि दोराला जोरच मिळणार नाही. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल (डिफ) दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, त्यामुळे ज्या बाजूला अडथळा कमी, तिच्याइतकाच जोर दुसरीलाही मिळतो. म्हणून मागच्या दोन्ही चाकांवर ड्रम आणि दोन दोर हवेत. मग तोच डिफ तुझ्या कामी येतो: ढिल्या दोराचं चाक आधी भरभर फिरतं, दोर ताठ होतो, आणि दोन्हीकडे सारखी ओढ पडते. डिफ लॉक असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत असतील, तर हे जमत नाही, आखूड दोरावरच सगळा भार येतो. थारच्या काही मॉडेलांत चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की मागचा डिफ आपोआप लॉक होतो. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही दोर हाताने ओढून सारखे ताठ करून घे.

दोर नेहमी ड्रमच्या खालून घ्यायचा. मागच्या झाडाला बांधून रिव्हर्स टाकलास की चाकही मागेच फिरतं आणि टायरची पकडही कामी येते. वरून घेतलास तर चाक उलट्या दिशेने फिरेल आणि गाडी स्वतःशीच झगडेल. झाड शक्यतो दूरचं निवड. जवळच्या झाडाला बांधलं की दोर तिरपा होऊन टायरवर घासतो. जुनं जांभूळ, आंबा चालेल. शेवग्याला हातही लावू नकोस, तो कडकन मोडतो. खोडाला रुंद पट्टा घाल, अगदी बुंध्याशी, म्हणजे झाडाची सालही जाणार नाही.

आधी फावड्याने चाकांभोवतीचा चिखल काढ. गाडीचं पोट जमिनीला टेकलं असेल तर तेही मोकळं कर, नाहीतर ओढीचा अर्धा जोर तिथेच जाईल. मग फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), रिव्हर्स आणि हलकी रेस. मध्येच क्लच दाबलास तर चढावर दोर उलगडेल आणि गाडी परत घसरेल. म्हणून थांबायचं तर पाय ब्रेकवर, आणि चाकाला दगड. इंजिन बंद पडलेल्या गाडीला या विंचचा काहीच उपयोग नाही, हेही लक्षात ठेव.

आणि हे माझ्यासाठी पाळ. ओढणी काढून ठेव, केस बांध, सैल बाह्या दुमड. चाक फिरत असताना दोराला हात लावायचा नाही, अगदी हातमोजा घालूनसुद्धा नाही. दोरावर जाड गोधडी टाक, म्हणजे तुटला तरी त्याचा फटकारा मंदावेल. माणसांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं कर आणि खुणा करायला एकालाच नेम. रस्त्यावर येण्याआधी ड्रम काढ, नट पान्याने कस, आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तपास.

पावसाळ्याआधी एखाद्या सपाट मोकळ्या मैदानात हे सगळं करून बघ. हाताला सवय झाली की चार माणसांच्या गलक्यातही मन घाबरत नाही. आणि मग कुणी टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, साखळी अडकवायला पुढे आला, तर त्याला सरळ अडव. झटक्याने तुटलेला टो-बॉल गोळीसारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. ‘दादा, मदत करायची तर फावडं घ्या, ओढायचं माझं मी बघते,’ असं ठामपणे सांग.