बुद्धिबळातील एक बोधप्रद डाव

बुद्धिबळात डावाचा आरंभ हाच त्याचा पाया होय. विद्यार्थिमित्रांपुढे आम्ही याचे एकच उदाहरण ठेवतो. १८५८ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी दोन हौशी सरदारांशी खेळला. काळ्या बाजूने फिलिडोरचा बचाव स्वीकारला. परंतु तिसऱ्या खेळीस बाहेर काढलेला उंट चौथ्या खेळीस घोड्याच्या मोबदल्यात खर्ची पडला. आठव्या खेळीस मॉर्फीला प्यादे मिळण्याजोगे होते. ते सोडून त्याने घोडा रणांगणी आणला. पुढे वजिराचेही बलिदान करून सतराव्या खेळीस त्याने हत्तीने मात केली. त्या वेळी काळ्यांचा एक उंट व एक हत्ती मूळ घरातच उभे होते! क्षणिक लाभापेक्षा पूर्वतयारी श्रेष्ठ, हाच बोध आम्ही यातून घेतो.