अजिंठा पाहताना

प्रश्न : शाळेची सहल अजिंठ्याला नेतोय. मुलांना काय सांगू?

उत्तर : सर, आधी दहाव्या लेण्यात न्या. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथल्या चित्रावर कोरलेलं स्वतःचं नाव दाखवा. दोनशे वर्षं झाली, तो ओरखडा भरलेला नाही! ही चित्रं माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर आहेत. बोट लागलं तरी खपली सुटू शकते. फ्लॅश बंदच. पहिल्या लेण्यात मुलांना दोन मिनिटं नुसतं उभं राहू द्या. डोळे अंधाराला सरावले की पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू उजळत जातं. आणि कायदाही सांगा : संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.