जनित्र रुसले तर?

मे महिना सरत आला की खानदेशात दुपारी आभाळ भरून येते, धुळीची वावटळ उठते आणि मागोमाग वळवाचा पाऊस कोसळतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, विजेचे खांब वाकतात आणि गावभर एकच वाक्य ऐकू येते, "लाइन गेली!" २००५ नंतरच्या काही वर्षांत तर भारनियमनामुळे जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत दुकानांपुढे लहान लहान जनरेटर धडधडत असत. पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले. तरी वीज तासन् तास येत नाही तेव्हा दवाखाने, शीतगृहे आणि कित्येक घरे यांना जनरेटरचाच, म्हणजे जनित्राचाच, आधार असतो.

आणि नेमके त्याच वेळी हे जनित्र रुसून बसते! दोरी ओढून ओढून हात दुखू लागतात, पण इंजिन हूं की चूं करीत नाही. मग कोणी म्हणतो, "प्लग बदला," कोणी म्हणतो, "तेल बदला." अशा अंदाजाने कधी काम होते, कधी बिघाड वाढतो. त्यापेक्षा आपण पदार्थविज्ञानाची मदत घेऊ. त्यासाठी यंत्र उघडण्याआधी योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

दोन यंत्रे, एक दांडा

जनित्र म्हणजे एकाच दांड्यावर जोडलेली दोन यंत्रे. पहिले यंत्र इंजिन. ते इंधनातील रासायनिक ऊर्जेचे गतीत रूपांतर करते. दुसरे यंत्र म्हणजे प्रत्यक्ष वीज निर्माण करणारा भाग. तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो, हा मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेला नियम तेथे राबतो.

म्हणून "जनित्र सुरू होत नाही" या एका वाक्यात खरे तर तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात: (१) इंजिन फिरतच नाही, (२) इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, (३) इंजिन चालते, पण वीज येत नाही. यांपैकी आपली तक्रार कोणती, हे आधी ठरवा. एवढ्याने दोन तृतीयांश काम हलके होते.

पहिली तक्रार: इंजिन फिरतच नाही

बटन दाबून सुरू होणाऱ्या जनित्रात बॅटरी आणि स्टार्टर मोटर असते. बटन दाबल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि सारे शांत. घरातील कोणी तरी बॅटरीला लहान दिवा जोडून पाहतो. दिवा लख्ख लागतो! "बॅटरी तर चांगली आहे," असे म्हणून तो स्टार्टर खोलायला घेतो. येथेच चूक होते. कशी, ते गणिताने पाहू.

समजा, बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट आहे, तिचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम आहे आणि स्टार्टरचा रोध ०.०८ ओहम आहे. (स्टार्टर सुरुवातीच्या क्षणी स्थिर असतो, म्हणून तो साधा रोध आहे असे मानू.) ओहमच्या नियमाने प्रवाह १२.६ ÷ ०.०९ = १४० अँपिअर. स्टार्टरला मिळणारी शक्ती १४० × १४० × ०.०८, म्हणजे सुमारे १,५७० वॅट.

आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचला आहे आणि त्याचा रोध फक्त ०.०६ ओहम आहे असे समजा. एकूण रोध ०.१५ ओहम झाला. प्रवाह ८४ अँपिअरवर उतरला आणि स्टार्टरची शक्ती सुमारे ५६५ वॅट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, उरली. एवढ्यात इंजिन कसे फिरणार?

आणि तो लहान दिवा? ६ वॅटचा दिवा घेतो अवघा अर्धा अँपिअर. त्याला त्या थराने अडविलेला दाब ०.५ × ०.०६ = ०.०३ व्होल्ट! दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा हे लक्षात ठेवा: वाहक चांगला आहे की नाही हे त्यातून मोठा प्रवाह जाऊ लागल्यावरच कळते. स्टार्टरचे बटन दाबलेले असताना बॅटरीचा दाब मोजला, तरच ती खरी परीक्षा. उपाय मात्र साधा आहे. तारा सोडवून टर्मिनल स्वच्छ करणे आणि घट्ट आवळणे.

दुसरी तक्रार: फिरते, पण पेट घेत नाही

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात: इंधन, हवा, ठिणगी आणि पुरेसे दाबलेले मिश्रण. चारांपैकी एक नसली तरी इंजिन चालणार नाही. मग कोणती नाही, हे कसे ओळखावे? आठ-दहा वेळा दोरी ओढल्यावर मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याचे टोक पाहतो. टोक कोरडे असेल तर इंधनच पोचत नाही. ओले असेल तर इंधन येते आहे, पण ठिणगी नाही, किंवा इंधन फाजील झाले आहे. एका निरीक्षणाने शोधाची वाट दुभंगते आणि अर्धी वाट सोडून देता येते.

प्लग कोरडा असल्यास आधी टाकीत पेट्रोल आहे का आणि नळी उघडी आहे का, ते पाहावे. हसू नका, पुष्कळ वेळा रोग एवढाच असतो! त्यानंतर टाकीचे झाकण पाहा. गोडेतेलाच्या डब्याला आई एक भोक पाडते, तेव्हा तेल थेंब थेंब पडते. दुसरे भोक पाडले की धार लागते. कारण तेल बाहेर गेले की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. जनित्राच्या टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र असते. ते आपल्याकडील धुळीने बुजले की टाकीतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पेट्रोलला खाली उतरू देत नाही. असे इंजिन थोडा वेळ चालून बंद पडते. झाकण जरा सैल केल्यावर ते पुन्हा चालले, तर निदान झाले.

तिसरे कारण म्हणजे शिळे पेट्रोल. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा उन्हाळ्यात चार महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधील चटकन उडणारे, म्हणजे चटकन पेटणारे, घटक आधी निघून जातात. उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते पाणी शोषून घेते. म्हणून जनित्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

प्लग ओला असेल तर हवेचा विचार करा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. ही हवा आकारमानाने बारा लिटरांच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ एक बादली! हवेची गाळणी धुळीने भरली की ही बादली अपुरी पडते. चोकचेही तसेच. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा मुद्दाम कमी करतात आणि मिश्रणातील इंधनाचे प्रमाण वाढवितात. पण मे महिन्याच्या दुपारी, त्यातून इंजिन तापलेले असताना, चोक ओढला तर प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतो.

आणखी एक गंमत. पुष्कळ नव्या जनित्रांत वंगणतेल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद करणारी सोय असते. तेल पुरेसे असूनही जनित्र उतरत्या अंगणात ठेवले तर तेल एका बाजूला जाते आणि ही सोय इंजिनाला अडविते. जनित्र सपाट जागी ठेवा, की बिघाड गायब!

डिझेलची गोष्ट वेगळी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. हवा मूळ आकारमानाच्या अठराव्या हिश्शावर दाबली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तिचे केल्विनमधील तापमान सुमारे ३.१८ पट होते. २७ अंश, म्हणजे ३०० केल्विनची हवा सुमारे ९५० केल्विनपर्यंत तापते. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटते, पण डिझेल पेटायला शिल्लक पुरेशी असते.

आता धुळ्याची थंडीच्या लाटेतील पहाट घ्या. हवा ७ अंश, म्हणजे २८० केल्विन. सुरुवातीचा २० अंशांचा फरक शेवटी ६० अंशांहून अधिक होतो. त्यातच थंडगार सिलिंडर उष्णता ओढून घेतो, घट्ट झालेले वंगण इंजिन हळू फिरवू देते, आणि झिजलेल्या रिंगांतून हवा निसटायला जास्त वेळ मिळतो. हिवाळ्यात जुने इंजिन का कुरकुरते, हे आता कळले ना?

विहिरीवर ऑइल इंजिन चालविलेले शेतकरी आणखी एक दुखणे ओळखतात: "इंजिनाने हवा धरली." टाकी कोरडी पडून पुन्हा भरली की नळीत हवेचे बुडबुडे राहतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि इंधन फवारले जात नाही. नळीचा स्क्रू सैल करून हवा काढली की इंजिन गाऊ लागते.

तिसरी तक्रार: इंजिन चालते, वीज नाही

ही तक्रार सर्वांत मनोरंजक आहे. आधी सर्किट ब्रेकर पडला आहे का ते पाहावे. तो ठीक असेल तर प्रश्न चुंबकाचा असतो. पुष्कळ जनित्रांत कायम चुंबक नसून विद्युत्‌चुंबक असतो. त्याला प्रवाह लागतो, आणि प्रवाह तर जनित्रानेच द्यायचा! मग सुरुवात कोण करणार? लोखंडात मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व उरलेले असते. त्याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. त्यातून किंचित दाब, त्यातून थोडा प्रवाह, त्यातून अधिक चुंबकत्व, अशी चढती साखळी सुरू होते. हे तत्त्व वेर्नर सीमेन्स यांनी जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडले.

जनित्र दीर्घकाळ पडून राहिले की हे बियाण्याइतके चुंबकत्व मरते. मग बॅटरीचा प्रवाह क्षणभर देऊन ते पुन्हा जागवावे लागते. हे काम जाणकार मेकॅनिकचेच.

जाता जाता एक गोष्ट. दोन ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी सेकंदाला ५०, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातील ५०० मेगावॅटचे प्रचंड संचही मिनिटाला ३,००० फेरेच घेतात. अंगणातले छोटे जनित्र आणि ते अजस्र यंत्र एकाच लयीत चालतात!

सुरू झाले, पण थांबा!

खरा धोका जनित्र सुरू झाल्यावर असतो. घाईत काही जण जनित्राची तार थेट घरातील सॉकेटमध्ये खुपसतात. त्यामुळे घर उजळते, पण वीज उलट मार्गाने मीटरमधून बाहेर, खांबावर आणि तेथून रोहित्रापर्यंत जाऊ शकते. ११,००० व्होल्टचा दाब उतरविणारे रोहित्र उलट बाजूने वीज मिळाली तर दाब चढविते. तिकडे लाइन बंद आहे असे समजून वायरमन तार जोडीत असेल, तर त्याच्या हातातील तारेत हजारो व्होल्ट येतात. आपला एक दिवा लावण्यासाठी दुसऱ्याच्या घरातला दिवा विझू नये. म्हणून एका वेळी एकच बाजू जोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घेणे आवश्यक आहे.

दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक आवडीने चिकटतो. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. पाऊस आला म्हणून जनित्र व्हरांड्यात, जिन्याखाली किंवा बंद खोलीत कधीही चालवू नका. ते मोकळ्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर हवे. डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत या, मग कारण शोधा. आणि गरम इंजिनात पेट्रोल कधीही ओतू नका.

तुम्ही स्वतः काय करू शकता? तेलाची पातळी, झाकणाचे छिद्र, हवेची गाळणी, जागेचा सपाटपणा, हे सारे इंजिन बंद व थंड असताना मोठ्या माणसांसमवेत पाहता येईल. ठिणगीची परीक्षा आणि विजेची जोडणी मात्र जाणकारांवर सोडा. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे थोडा भार देऊन जनित्र चालविण्याची आठवण घरात तुम्हीच ठेवा. त्याने इंधन शिळे होत नाही, बॅटरी जागी राहते आणि चुंबकत्वही टिकते.

डोके चालवा

१. चार ध्रुवांच्या जनित्राने ५० हर्ट्झ देण्यासाठी मिनिटाला किती फेरे घ्यावेत?

२. दोन ध्रुवांच्या जनित्राचा वेग भारामुळे २,८५० फेऱ्यांवर उतरला, तर वारंवारता किती होईल?

३. चार-स्ट्रोक, एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते. एका सेकंदात पेट्रोल किती वेळा पेटते?

४. एक जनित्र दहा मिनिटे छान चालते, बंद पडते, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होते. तुमचा पहिला संशय कशावर? तो खरा की खोटा, हे काहीही न बदलता एका कृतीने कसे ठरवाल?

उत्तरे वर्गात शिक्षकांशी चर्चा करून ठरवा. चौथ्या प्रश्नात उत्तरापेक्षा तुमच्या कारणमीमांसेला अधिक गुण!